डावं मशीन

सकाळी सात वाजता बाबांनी बोटीच्या डाव्या मशीनवर तळहात ठेवला. मशीन गार होतं. हात त्यांनी लगेच उचलला नाही. मग ते उजव्या मशीनकडे वळले. तेही गार होतं.

"काय जाक्करशेठ, नाडी बघताय की ताप?" दाऊद परकार धक्क्याची पायरी उतरत म्हणाले. एका हाताने लुंगी सावरलेली, दुसऱ्या हातात दातवण. "मी काय पहाटे उठून तापवून ठेवीन होय? पहाटे आमच्या गावात फक्त मशिदीतला बांगी उठतो, तोही कुरकुरत."

"बघितलेलं बरं असतं," बाबा म्हणाले.

"बघा, बघा. मुलगी बघायला आल्यासारखे बघा. चालवून बघा, बोलवून बघा. फक्त घरी जाऊन कळवतो म्हणू नका."

तापलेलं मशीन कसंही सुरू होतं. गार मशीन खरं बोलतं. म्हणून विकणारा माणूस गिऱ्हाईक यायच्या आधी मशीन चालवून ठेवतो. हे टाळायला बाबांनी मला आदल्या संध्याकाळच्या मुक्कामाच्या एसटीने आणलं होतं. आम्ही ओळखीच्या एका घरी पडवीत झोपलो आणि उजाडल्याबरोबर खाडीवर येऊन उभे राहिलो.

जाहिरात माझ्यामुळे त्यांना कळली होती. मी तेव्हा रत्नागिरीला एका दैनिकात होते. छोट्या जाहिरातींच्या पानावर तीन ओळी आल्या: फायबर बोट, दोन मशीन, चालू स्थितीत, पूल झाल्याने विकणे आहे. मी शेजाऱ्यांच्या फोनवर बाबांना वाचून दाखवल्या. ते म्हणाले, "दोन मशीन? मग बघू."

सहा वर्षं ते दुसऱ्यांच्या ट्रॉलरवर खलाशी म्हणून जात होते. खांदा आता जाळं ओढू देत नव्हता. आमच्या वाडीत डॉल्फिन बघायला पर्यटक येऊ लागले होते. त्यांना फिरवायला बोट हवी होती, आणि एका मशीनच्या बोटीवर बाबा पुन्हा पाय ठेवणार नव्हते.

एका मशीनची बोट माझ्या भावाची होती. विश्राम, माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. दत्तजयंतीच्या आदल्या दिवशी तो पहाटे एकटाच बाहेर गेला. त्याच्याबरोबर नेहमी सख्या जायचा, आमचा चुलतभाऊ. त्या दिवशी सख्याला ताप होता. विशादादा परत आला नाही. तिसऱ्या दिवशी बोट लांबच्या खडकांवर उपडी सापडली. ती सख्यालाच सापडली. मागची फळी, जिच्यावर मशीन बसवतात ती, मोडलेली होती. मशीन नव्हतं. बोट खडकावर आपटली, फळी मोडली, मशीन तळाला गेलं आणि माणूस पाण्यात गेला, असं पंचनाम्यात लिहिलं गेलं. देह मिळाला नाही. आईने त्याचं ताट मांडायचं बंद केलं, पण घासायचं बंद केलं नाही.

जायच्या आठवडाभर आधी त्याचं आणि बाबांचं भांडण झालं होतं. त्याला मशीन विकून मोठ्या जहाजावर नोकरीला जायचं होतं. बाबांनी नाही म्हटलं. त्यानंतर दोघं एकमेकांशी बोलत नव्हते.

बाबांनी आधी उजवं मशीन तपासलं. पंखा दोन्ही हातांनी धरून हलवला, मागे मासेमारीची तंगूस गुंडाळली गेली आहे का ते बोट घालून पाहिलं. खालच्या बाजूचा स्क्रू सैल करून तेलाचा थेंब बोटावर घेतला. आत पाणी शिरलं असेल तर तेल ताकासारखं पांढरं होतं. हे तेल मधासारखं होतं. त्यांनी ते मला दाखवलं. "हे चांगलं."

"चांगलं म्हणजे काय, लेकरासारखं सांभाळलंय," दाऊदभाई म्हणाले. "लेकरं तरी कुवेतला जाऊन बसली. मशीनं इथंच राहिली."

"ह्याचं वय?"

"उजवं मी नवीन घेतलेलं. डावं जुनं, पण गुणाचं. उजवं रुसतं कधीमधी. डावं नाय."

बाबा डाव्या मशीनकडे गेले. वरच्या कव्हरची कडी सोडली, कव्हर उचललं, उलटं केलं आणि माझ्या हातात दिलं.

"धर."

मी आत पाहिलं.

नारळीपौर्णिमेला मशीनला हळदकुंकू लावतात. बाहेरून लावलेलं कुंकू खाऱ्या पाण्यात एका फेरीत जातं. विशादादाने मशीन घेतलं तेव्हा मी त्याला म्हटलं होतं, मी जाणार नाही असं कुंकू लावते. मी कव्हरच्या आतल्या बाजूला नेलपॉलिशने पाच बोटं उठवली होती. चौथ्या बोटाला लाल बाटली संपली. करंगळी मग शेजारच्या मीनाकडून आणलेल्या गुलाबी नेलपॉलिशची. तो हसला होता. म्हणाला होता, मशीनला लग्नाला न्यायचंय काय गो?

कव्हरच्या आत पाच ठिपके होते. चार लाल, एक गुलाबी. धुराने काळवंडले होते, पण होते.

"बाबा," मी म्हटलं.

"कळलं. नीट धर, पडेल."

त्यांनी वर पाहिलं नाही. ते दोन्ही प्लग काढत होते. एकेका भोकावर अंगठा दाबून दुसऱ्या हाताने दोरी हळूच ओढत होते. आतल्या हवेने अंगठा जोरात मागे ढकलला पाहिजे. दोन्ही भोकांत सारखा जोर लागला पाहिजे. त्यांनी दोनदा पाहिलं. प्लग फडक्याने पुसून परत बसवले. मग पंखा. मग तेल. उजव्याला जेवढा वेळ दिला तेवढाच डाव्याला दिला.

शेवटी ते पालथे पडून मशीनच्या पकडींकडे बघू लागले. मशीन ज्या दोन लोखंडी पकडींनी फळीला आवळलेलं असतं त्या. इथे मात्र त्यांनी बराच वेळ घेतला. पकडींवरून बोट फिरवलं, नखाने रंग खरवडून पाहिला.

"तिथं काय सोनं सापडलं काय?" दाऊदभाईंनी विचारलं.

"पकडी सरळ हायत."

"मग वाकड्या असाव्यात होय?"

"नाय," बाबा म्हणाले. "सरळच असाव्यात."

मी कव्हर धरून उभी होते. मला काही वाटत नव्हतं. खाडीपलीकडे नवा पूल दिसत होता, त्याच्यावरून एक लाल एसटी गेली. तिच्या टपावर टोपल्या होत्या. मी त्या टोपल्यांकडे बघत होते.

फळी मोडून मशीन सुटलं असतं, तर पकडी वाकल्या असत्या. आणि ते खाऱ्या पाण्यात एक रात्र जरी पडून राहिलं असतं, तरी आतून गंजून मेलं असतं. हे मशीन बुडालेलं नव्हतं. कोणीतरी पकडी सोडवून, दोन्ही हातांनी उचलून ते बोटीवरून काढलं होतं.

बाबांनी माझ्या हातातून कव्हर घेतलं आणि बसवलं. "दाऊदभाई, पाण्यावर बघू."

दाऊदभाईंनी बोट सोडली. बाबांनी आधी फक्त उजवं मशीन लावलं. ते चौथ्या ओढीला सुरू झालं. मग ते बंद करून डावं. एका ओढीत. बाजूच्या बारीक भोकातून पाण्याची धार पडू लागली. बाबांनी धारेखाली हात धरला. पाणी कोमट झालं तशी मान हलवली. आम्ही खाडीच्या मुखापर्यंत गेलो आणि वळलो. मग दोन्ही मशीनं एकदम. बोलायचं तर ओरडावं लागत होतं, म्हणून कोणी बोललं नाही. बाबा डाव्या मशीनच्या बाजूला बसले होते, कान त्याच्याकडे करून.

परत आल्यावर दाऊदभाई आम्हाला घरी घेऊन गेले. त्यांच्या बायकोने, जैनबचाचीने, घावन आणि चहा आणला. चुलीवर दुसरा घाणा चालू होता, त्यामुळे ती आतबाहेर करत होती.

"खा गो. काल रात्री त्या पडवीत कसली झोप लागली असंल," ती मला म्हणाली. "बापूस तुझा काहीच बोलत नाय."

"तो मशीनशी बोलतो," दाऊदभाई म्हणाले. "मी बघितलं ना."

बाबांनी चहा बशीत ओतला. "दाऊदभाई, डावं मशीन कुठनं घेतलंत?"

"का? खोट दिसली काय?"

"खोट नाय. असंच. चांगलं हाय म्हणून विचारलं."

"एक माणूस घेऊन आला होता. रिक्षा-टेम्पोत घालून, गोणपाटात गुंडाळून. माझं जुनं मशीन तेव्हा मेलेलं. कोणीतरी त्याला माझं नाव सांगितलं असंल."

"कधी?"

"शिमग्याच्या आधी. आमच्या नातवाचं बारसं झालं त्या वर्षी. नातू आता सहावं चालू हाय त्याला."

विशादादा गेला दत्तजयंतीच्या आदल्या दिवशी. शिमगा त्यानंतर तीन महिन्यांनी. मी मनातल्या मनात हिशेब केला आणि बाबांकडे पाहिलं. ते बशीकडे बघत होते.

"कसा होता?"

"मशीन? झकास. पिंपात पाणी भरून चालवून दाखवलं त्यानं."

"माणूस."

"माणूस." दाऊदभाईंनी डोकं खाजवलं. "मी मशीन बघतो, माणूस कशाला बघू? थंडी होती, मफलर गुंडाळलेला. दाढी वाढलेली. तुमच्यातलाच कोणीतरी, बोलण्यावरून."

"वय?"

"असंल पंचवीस. नायतर चाळीस. खलाशी माणसाचं वय कोण सांगणार? तुमचं किती?"

"अठ्ठावन्न."

"बघा. मला वाटलं सत्तर."

"काय हे बोलणं!" चाची आतून म्हणाली.

बाबांनी शर्टाच्या खिशातून पाकीट काढलं, पाकिटातून फोटो. पोलिसांना द्यायला काढलेल्या प्रतींतला तो शेवटचा. विशादादा बोटीच्या नाळेवर, पुढच्या टोकाला बसलेला, डोळ्यांवर ऊन, हसणारा. त्यांनी तो दाऊदभाईंच्या पुढे ठेवला.

दाऊदभाईंची थट्टा थांबली. त्यांनी फोटो उजेडाकडे नेला, लांब धरला, जवळ आणला. "कोण हा?"

"माझा मुलगा. तो समुद्रात गेला. मशीन त्याचं."

चाची येऊन दारात उभी राहिली. तिच्या हातात पीठ लागलेला डाव होता.

"अल्लाकसम, मला ठाव नव्हतं," दाऊदभाई म्हणाले. "चोरीचं म्हणून मी घेतलं नाय. त्यानं सगळं उघडून दाखवलं. चोर असा तास तास थांबत नाय."

"मी तुम्हाला काय म्हणत नाय. हाच होता का, एवढंच सांगा."

"असंल." त्यांनी परत पाहिलं. "नसंल पण. खोटं कशाला बोलू? मफलर होता."

चाचीने हात पदराला पुसून फोटो घेतला. "हा हसतोय," ती म्हणाली. "तो हसत नव्हता. मी त्याला चहा दिला, तो घेतला नाय. पाणी प्यायला. मशीन बंद केलं तेव्हा डोळे पुशीत होता. मी म्हटलं काय झालं, तर म्हणाला, धूर गेला."

"डावखुरा होता?" मी विचारलं. विशादादा डावखुरा होता.

ते दोघं एकमेकांकडे बघत राहिले. त्यांना आठवत नव्हतं.

मला वाटलं बाबा उठतील. ते उठले नाहीत. त्यांनी उरलेलं घावन खाल्लं, पाणी प्यायलं आणि म्हणाले, "बोट मी घेतो."

"तुमचंच मशीन तुम्हाला कसं विकू मी?"

"तुम्ही पैसे देऊन घेतलंत. मी पैसे देऊन घेणार. मला ते न्यायचं हाय."

भाव दोन वाक्यांत ठरला. दाऊदभाईंनी जाहिरातीपेक्षा पुष्कळ कमी सांगितला आणि बाबांनी घासाघीस केली नाही. आम्ही परत धक्क्यावर आलो. बाबांनी पान्हा घेऊन उजव्या मशीनचं कव्हर उघडलं.

"दाऊदभाई, ह्यातला एक प्लग काढून घ्या. तुमच्यासाठी. मी दुसरा घालतो."

हे ते सवयीने बोलले. आमच्या वाडीत मशीन विकताना विकणारा त्यातला एक प्लग काढून घरी नेतो आणि देवाशेजारी ठेवतो. मशीन परक्याचं झालं तरी ठिणगी घरची राहते, असं जुनी माणसं म्हणायची. बाबांनी आयुष्यात तीन मशीनं विकली होती. आमच्या देव्हाऱ्यात देवांच्या मागे काळे पडलेले तीन प्लग होते. लहानपणी मी ते शाळिग्राम समजून पुसत असे.

दाऊदभाई हसले. "हे काय खूळ हाय तुम्हा लोकांचं? तो पण असाच."

बाबांचा हात पान्ह्यावर होता तिथेच राहिला.

"कोण तो पण?"

"तोच. डाव्या मशीनवाला. सौदा झाला, पैसे घेतले, निघाला आणि परत आला. म्हणाला, एक प्लग मला द्या. मी म्हटलं, अरे बाबा, मग मशीन चालंल कसं? तर म्हणाला, नवीन घाला, हा मी नेतो. काढला, फुंकर मारली, रुमालात बांधला आणि गेला. मी म्हटलं, असंल वेडा."

बाबांनी पान्हा फळीवर ठेवला. मग परत उचलला. उजव्या मशीनचा एक प्लग काढला आणि दाऊदभाईंच्या हातात दिला. "ठेवा," ते म्हणाले. "टाकू नका."

पुढे कामाच्या निमित्ताने मी किनाऱ्यावरच्या बऱ्याच गावांत गेले. जिथे मशीनं आहेत तिथे मी विचारलं. खाडीच्या वर नाही, खाली नाही. प्लग घरी नेण्याची चाल मला आमच्या वाडीबाहेर कुठे सापडली नाही.

आम्ही समुद्राने घरी निघालो. वारा नव्हता. बाबांनी उजवं मशीन बंद केलं आणि फक्त डाव्यावर बोट चालवली. त्यामुळे बोलता येत होतं. किनाऱ्यावरचं मंदिर मागे पडलं.

"कव्हरच्या मागच्या कोपऱ्याला खोक हाय," मग ते म्हणाले. "आपल्या धक्क्यावर आपटलेलं. सकाळी हात ठेवला तेव्हाच लागली."

"मग सांगितलं का नाही?"

"तपासायचं होतं."

"बाबा, तो दादा असेल."

ते पुढे बघत होते.

"प्लग नेला ना त्याने. चोर कशाला प्लग नेईल? दादाच असेल. भांडण झालं होतं. त्याला मशीन विकायचंच होतं. विकलं आणि गेला."

"बोट उपडी करून? फळी मोडून? आईला असं ठेवून?"

मी डाव्या मशीनकडे पाहिलं.

"वाडीत साठ घरं हायत," ते म्हणाले. "सगळ्यांना प्लग ठाव हाय. पोरानं विकलं असंल, तर तो जिवंत हाय, आणि मला त्याला विचारायचं हाय. त्यानं विकलं नसंल, तर ज्यानं विकलं तो रोज मला रामराम करतो. त्यालाही विचारायचं हाय. दोन्ही एकदम कसं विचारू? एक बोललो की दुसरं मेलं."

"आईला काय सांगायचं?"

"मशीन चांगलं हाय म्हणून सांग."

दुपार कलता आम्ही वाडीला लागलो. बोट वर ओढायला चारपाच जण आले, त्यांत सख्या होता. गुडघाभर पाण्यात उतरून त्याने नाळ धरली. "काका, झ्याक हाय बोट! दोन-दोन मशीनं! आता काय, राजाच." मग त्याने डाव्या मशीनवर थाप मारली. "हे कुठनं घेतलंत?"

"लांबनं," बाबा म्हणाले.

"जुनं दिसतंय."

"हाय जुनं."

सख्याने दोरी खांद्यावर घेतली आणि ओढायला लागला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. घामाने भिजलेलं, नेहमीसारखं तोंड होतं.

आई आरतीचं ताट घेऊन आली. नव्या बोटीला ओवाळतात तसं तिने ओवाळलं, नारळ फोडला. सगळे गेल्यावर बाबांनी डाव्या मशीनचं कव्हर काढलं आणि तिच्यासमोर उलटं धरलं. सांगायला त्यांना जमलं नसावं. आईने वाकून आत पाहिलं. पाच ठिपके तिने माझ्याइतकेच ओळखले असणार. मी ते लावले तेव्हा ती शेजारी बसून माझ्यावर ओरडत होती की घरभर वास सुटलाय.

ती सरळ झाली. पदर खोचला.

"नीट चालतंय ना?" तिने विचारलं.

"चालतंय," बाबा म्हणाले.

"मग झालं." ताट घेऊन ती घरात गेली.

हे मशीन कुठून आलं, असं तिने त्या दिवशी विचारलं नाही. नंतरही विचारलं नाही. धक्का बसला असेल, असं मी तेव्हा धरून चालले. पंचनाम्याच्या वेळचा पोलीस ठाण्यातला माणूस बदलून गेला होता. नव्या माणसाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, अर्ज द्या. बाबांनी अर्ज दिला नाही. अर्ज दिला असता तर दुसऱ्या दिवशी वाडीत कळलं असतं.

सात वर्षं पूर्ण झाल्यावर विशादादाला मृत ठरवून घेता आलं असतं. भाऊबंद मागे लागले होते. बाबा तो विषय निघाला की उठून जात.

त्या वर्षीपासून ते गणपतीत वाडीतल्या प्रत्येक घरी जाऊ लागले. आधी ते फक्त भावकीत जायचे. आता साठच्या साठ घरं. प्रत्येक घरी आरतीला थांबायचे, प्रसाद घ्यायचे, देव्हाऱ्यासमोर बसून दोन शब्द बोलायचे. लोक म्हणाले, गंगाराम म्हातारपणी देवाला लागला. कोणत्या घराने किती मशीनं विकली हे वाडीत सगळ्यांना ठाऊक असतं. बाबांना तर तोंडपाठ होतं. घरी आले की ते अंगणात हात धुवायचे आणि मला नुसतं सांगायचे, "आबाकडं बरोबर." "मीनाच्या सासरी बरोबर." सख्याच्या घराने दोन मशीनं विकली होती. देव्हाऱ्यात दोन प्लग होते. "बरोबर."

सगळीकडे बरोबर होतं. दाऊदभाई आणि चाची कुवेतला मुलाकडे गेले आणि तिथेच वारले, असं पुढे कळलं. दुसऱ्या कोणाचा फोटो त्यांना दाखवायची वेळ गेली.

डाव्या मशीनने बाबांना बारा वर्षं साथ दिली. मग पंचायतीने पर्यटकांच्या बोटींना नवी मशीनं सक्तीची केली. उजवं त्यांनी विकलं. डावं विकलं नाही. पडवीत पिंपाशेजारी ते लाकडी घोडीवर टांगून ठेवलं आहे. नारळीपौर्णिमेला बाबा पिंपात पाणी भरतात आणि ते थोडा वेळ चालवतात.

आई गेल्या वर्षी आषाढात गेली. आजारी होती, शुद्धीत होती, विशादादाबद्दल काही बोलली नाही. देव्हाऱ्याला ती कधी कोणाला हात लावू देत नसे. मी लग्न होऊन गेल्यापासून तर तो तिचाच होता. तिचे दिवस झाल्यावर मी तो पुसायला घेतला. देव बाहेर काढले, टाक काढले, मागचे प्लग काढून ताटात ठेवले.

उजव्या मशीनचा प्लग धरून चार असायला हवे होते. पाच होते.

मी बाबांना हाक मारली. ते ताटाशी बसले. आता ऐंशी उलटलेली आहे, डोळ्यांनी कमी दिसतं. एकेक प्लग त्यांनी उचलला, बोटांनी चाचपला आणि बाजूला ठेवला. "हा पहिला. हा रामाकाकाला विकलं त्याचा. हा केरोसिनवाल्याचा. हा उजव्याचा." पाचवा त्यांनी हातातच ठेवला. तो कापडाच्या चिंधीत बांधलेला होता. चिंधी रुमालाची असेल. धुवून धुवून विरलेली होती, रंग कळत नव्हता.

"हा माझा नाय," ते म्हणाले.

"आईने ठेवला असेल?"

"तिच्याकडं कुठनं येणार?"

ते स्वतःच थांबले. सख्या अजून दर गणपतीत आमच्याकडे आरतीला येतो. टाळ वाजवतो. देव्हाऱ्याच्या बाजूलाच त्याची जागा आहे. बाहेरगावी गेलेली माणसंही गणपतीत येतात-जातात, दारं उघडी असतात, आई पाठमोरी स्वयंपाकघरात असते.

"बाबा, एकच देव्हारा मोजला नव्हता आपण."

प्लग घेऊन ते भिंतीला धरत पडवीत गेले. मी पिंप भरलं. त्यांनी डाव्या मशीनचं कव्हर काढून माझ्या हातात दिलं, नवा प्लग काढला आणि तो जुना बसवला. आटे सरळ लागले. शेवटचा फेरा त्यांनी पान्ह्याने आवळला.

"ह्या जातीच्या मशीनला सगळेच बसतात," ते म्हणाले. "त्यानं काय कळत नाय."

"हो."

त्यांनी दोरी माझ्या हातात दिली. त्यांच्या खांद्याला आता ते जमत नाही. मी ओढली. दुसऱ्या ओढीला मशीन सुरू झालं, पडवी धुराने भरली, बाजूच्या भोकातून पाण्याची धार पडू लागली. बाबांनी धारेखाली हात धरला आणि पाणी कोमट होईपर्यंत तसाच ठेवला.